गळत नाहीत, म्हणूनच गुंततात

"डॉक्टर, नमस्कार. पुण्यातल्या धाकट्या मुलानं आमच्या नातीच्या वाढदिवसाला कॉकापू जातीचं पिल्लू आणलं. नातीला दमा आहे. पण या जातीचे केस गळत नाहीत, ॲलर्जी होत नाही, सांभाळायला एकदम सोपं, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. रंगावरून त्याचं नाव गुळ्या ठेवलं. आता तो 9 महिन्यांचा झालाय. गेल्या दोन महिन्यांत त्याच्या कानामागं, काखेत, पोटाखाली केसांच्या गाठीच गाठी झाल्यात. पार्लरवाला म्हणतो, सगळं भादरावं लागेल. शेजारच्या वहिनी म्हणतात, ऐन उन्हाळ्यात भादरलंत तर कुत्रं भाजून निघेल. कानाला घाण वास येतोय. नातीच्या शिंका वाढल्यात, पंपही जास्त लागतोय. आमचे हे त्याला रोज भाकरी आणि रविवारी पांढरा रस्सा घालतात, वर म्हणतात, कोल्हापूरचं कुत्रं आहे, पचवंल. ठेवावा की कुणाला देऊन टाकावा, कळेना. आणि इचलकरंजीची भाची अगदी असलंच पिल्लू घ्यायचं म्हणतीय, तिला काय सांगू? – गुळ्याची आजी, राजारामपुरी"

काकू, नमस्कार.

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही मधेच सहज लिहून गेलात. नातीला पंप जास्त लागतोय. गुळ्याच्या केसांचं नंतर बघू, ते कुठं पळून जात नाहीत. नातीच्या दम्याचे उपचार ज्या डॉक्टरांकडं चालू आहेत, त्यांच्याकडं याच आठवड्यात तिला न्या आणि घरात कुत्रं आलंय हे त्यांनी विचारायच्या आधी सांगा. ॲलर्जीची त्वचेवरची चाचणी होते, ती करायची का हेही विचारा. शिंका गुळ्यामुळंच येतात असं धरून चालू नका. घरातली धूळ, गादीतले धुळीचे बारीक किडे, मागच्या पावसाळ्यापासून भिंतीत मुरलेली ओल, यातलं काहीही असू शकतं. पण गुळ्या त्यात नाहीच, असंही कुणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नका.

कारण कुत्र्याची ॲलर्जी केसाची नसतेच. कुत्र्याच्या लाळेत, त्वचेच्या कोंड्यात आणि लघवीत काही प्रथिनं असतात, ॲलर्जी होते ती त्यांची. त्यातल्या मुख्य प्रथिनाला शास्त्रज्ञ कॅन एफ 1 म्हणतात. कुत्रं अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते, तिचे कण हवेत उडतात. केस फरशीवर पडले काय आणि अंगावर राहिले काय, लाळ आणि कोंडा दोन्हीकडं तेवढाच. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2012 साली हे मोजून पाहिलं. 'ॲलर्जी न करणारे' म्हणून विकले जाणारे कुरळ्या केसांचे पूडल, लॅब्राडोर आणि पूडलच्या संकरातले लॅब्राडूडल वगैरे त्यांनी इतर जातींशी ताडून पाहिले. या तथाकथित सुरक्षित कुत्र्यांच्या केसांत ते प्रथिन कमी तर नव्हतंच, उलट जास्त सापडलं. घरातल्या हवेतल्या प्रमाणातही फरक दिसला नाही.

हे खूळ आलं कुठून, तेही सांगतो. 1980च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरॉन नावाचे गृहस्थ अंधांसाठीच्या मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेत काम करत होते. हवाई बेटांवरच्या एका दृष्टिहीन बाईंना असा कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांचा त्रास. कॉनरॉननी आधी निव्वळ पूडल शिकवून पाहिले, ते त्या कामाला जमेनात. मग पूडल आणि लॅब्राडोरची जोडी लावली. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, तर त्या नवऱ्याला तिघांतलं एकच सोसलं. आईबाप तेच, वेत तोच, आणि तिघांत एक! आता एवढी गोष्ट जाहिरातवाल्यांनी नेमकी गाळली. बाकीच्या दोन पिल्लांना संकरित म्हणून कुणी घेईना, तेव्हा कॉनरॉननी 'लॅब्राडूडल' हे नाव काढलं आणि लगेच रांग लागली. पुढं त्या रांगेचं काय झालं ते बघून त्यांनी स्वतःच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केलाय. तुमचा कॉकापू, म्हणजे कॉकर स्पॅनियल आणि पूडलचा संकर, अमेरिकेत त्याच्याही बराच आधीपासून आहे. पण त्याच्या नावावर खपवलं जाणारं आश्वासन हेच.

चाचणीचा निकाल येईपर्यंत एवढं करा. नातीच्या झोपायच्या खोलीत गुळ्याला पूर्ण बंदी, दार कायम लावलेलं. रुसेल, रुसू दे. केरसुणीनं झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसून घ्या, झाडल्यानं जे बसलेलं असतं तेही उडतं. त्याचं अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवा. त्याला हात लावला की तिनं साबणानं हात धुवायचे, तोंड चाटू द्यायचं नाही. त्याला विंचरायचं काम नातीकडं चुकूनही द्यायचं नाही, आणि विंचरताना ती त्या खोलीत नको. पंपाचा डोस तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमीजास्त करू नका.

आता गुळ्याच्या जटा.

पूडलचा केस पुष्कळ दिवस वाढतच राहतो. जो गळतो तो कुरळ्या केसांत अडकतो, खाली पडत नाही. कॉकरचा केस वेगळा, त्याला खाली मऊ लव असते आणि ती गळते. दोन्ही एकत्र आले की कॉकरची लव पूडलच्या कुरळ्यात रुतून बसते. विकणारा 'गळत नाही' म्हणाला ते तसं खोटं नव्हतं. पण जे फरशीवर पडत नाही ते गुळ्याच्या अंगावरच साठतं, आणि ते कुणीतरी रोज फणीनं काढायचं असतं, हे त्यानं सांगितलं नाही. लॅब्राडोरवाले रोज घर झाडतात, तुम्हाला रोज कुत्रं विंचरायचंय. काम तेवढंच आहे, जागा बदललीय.

आणि हे नेमकं गेल्या दोन महिन्यांतच का? साधारण 6 महिने ते वर्षाच्या दरम्यान पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे दाट केस येतात. जुने सुटतात, नवे उगवतात, सुटलेले बाहेर पडत नाहीत. ज्या पिल्लाला आजवर आठवड्यातनं एकदा ब्रश फिरवला तरी चालत होतं, त्याच्या अंगावर दोन-तीन आठवड्यांत गाठी धरतात. तुमचं काही चुकलं नाही. ज्यानं सांगायला हवं होतं त्यानं सांगितलं नाही, एवढंच.

पार्लरवाल्याचं ऐका. भादरून घ्या. मी कॉकापूला जटांसाठी भादरायला सांगतो तेव्हा मालकांचे चेहरे पडतात, पण काखेतली जट म्हणजे काय असतं ते एकदा बोटांनी चाचपून बघा. गुळ्याला कुशीवर झोपवा, पुढचा पाय अलगद उचला आणि काखेत बोटं घाला. केस सुटे लागणारच नाहीत, घोंगडीच्या तुकड्यासारखा एक जाड थर लागेल, कातडीला घट्ट चिकटलेला. पाऊल टाकताना प्रत्येक वेळी तो थर कातडी ओढतो. खाली हवा जात नाही, ओल राहते, कातडी लाल होते, कधी चिघळते. पावसाळ्यात अशा जागी माशी बसली तर अळ्या पडतात, आणि वरून केस असल्यानं कुणाला पत्ता लागत नाही. वास यायला लागला की मग माझ्याकडं आणतात.

एकेक जट हातानं सोडवून देतो म्हणणारे असतात. एखाददुसरी गाठ असेल तर ठीक. सगळं अंग असं झालेलं असताना तासन्‌तास केस ओढत बसणं हा त्या जनावराला छळ आहे, आणि त्यानंतर ते जन्मभर फणी बघून पळतं. घरी कात्री तर अजिबात नको. जट ओढली की तिच्याबरोबर कातडीही वर येते, केसाचा रंग आणि कातडी ओळखू येत नाही आणि कात्री थेट कातडीत जाते. टाके घालायला आलेली अशी कुत्री दर उन्हाळ्यात येतात. मशीन, तेही सवयीच्या हाताचं.

वहिनींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जर्मन शेफर्ड, पोमेरेनियन, हस्की यांना दुहेरी केस असतात. ते मुळापासून भादरू नयेत, पुन्हा नीट येत नाहीत. पूडलच्या वळणाचा केस मात्र भादरला तरी बिनबोभाट वाढतो. दोनेक महिन्यांत हात फिरवण्याइतका येतोच. तोवर उन्हाचं एवढंच सांभाळा की फिरणं सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर, आणि दुपारी गच्चीवर सोडायचं नाही. डांबराला तुमच्या तळहाताची मागची बाजू दहा सेकंद ठेववत नसेल, तर त्याचे पायही ठेववणार नाहीत.

भादरून घरी आल्यावर गुळ्या ओळखू येणार नाही. एकदम बारीक, कान मोठे, थोडा बावचळलेला. काखेत आणि कानामागं कातडी लालसर दिसेल, कोंडा असेल. एक गोष्ट मात्र नीट बघा. कानाच्या पाळीवरच्या जटा काढल्या की तिथला रक्तप्रवाह एकदम मोकळा होतो, कुत्रं कान फडफडवत राहतं, आणि पाळीत रक्त साठून ती फुगू शकते. कान सारखा झटकत असेल किंवा पाळी फुगलेली, गरम लागली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखान्यात या. हसायचं मात्र नाही त्याच्यावर. कुत्र्यांना कळतं की नाही, यावर पंडितांचे वाद होऊ देत. माझ्या अनुभवात हसलेलं कळतं.

यापुढं केस दोनेक सेंटीमीटरच ठेवा आणि दर 6 ते 8 आठवड्यांनी कापून घ्या. मोबाईलवर येणाऱ्या गोल-गुबगुबीत कुत्र्यांच्या फोटोंच्या नादाला लागू नका. त्या फोटोमागं रोजचा अर्धा तास आणि एक पगारी माणूस असतो.

विंचरायची पद्धत सांगतो, कारण ब्रश तर सगळेच फिरवतात, आणि तरी जटा होतात. वरवर फिरवलेला ब्रश वरचे केस मऊ करतो. कातडीलगत गाठ तशीच राहते, वरून दिसत नाही म्हणून आपण खूश. दोन हत्यारं लागतात. बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश, आणि स्टीलची फणी, जिचे अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट असतात. सुरुवात पायाच्या पंजापासून करा. डाव्या हातानं केस वर दाबून धरा, म्हणजे खाली एक रेघ दिसेल, कातडीची. त्या रेघेखालचे केस ब्रशनं खालच्या दिशेनं सोडवा. मग वरून थोडे केस खाली सोडा, पुन्हा रेघ, पुन्हा ब्रश. असं थर थर वर चढत जायचं. प्रत्येक भाग झाला की फणी कातडीपासून टोकापर्यंत नेऊन बघायची. अडकली तर तो भाग झालेला नाही. ब्रश कातडीवर घासायचा नाही, तारा टोचतात. कानामागं, काखेत, पट्ट्याखाली, मांडीच्या आत, शेपटीच्या बुडाशी, गाठी पहिल्यांदा तिथंच धरतात. केस आखूड असतील तर रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. घरात पट्टा काढून ठेवा.

आंघोळ तीन-चार आठवड्यांनी पुरे, आणि आंघोळीच्या आधी विंचरायचं. गाठीवर पाणी पडलं की ती आवळते, वाळली की दगड. कुत्र्याचाच शाम्पू वापरा. बादलीत घरातलं जंतुनाशक ओतायची आपल्याकडं फार सवय आहे, ते करू नका, कातडी भाजते आणि चाटलं की पोटात जातं. टॉवेलनं चोळून पुसलंत तर तिथंच नव्या गाठी, म्हणून दाबून दाबून टिपायचं. मग गार हवेच्या ड्रायरनं ब्रश करत मुळापर्यंत वाळवायचं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत तिथं गुळ्या आपोआप कसा वाळेल? पावसात फिरून आला की हेच करायचं, निदान पाय आणि पोट तरी.

हे करणार कोण, हा खरा प्रश्न. तुमच्या पत्रात मुलगा आहे, नात आहे, शेजारी आहेत, पण रोज पंधरा मिनिटं कोण देणार ते कुठं लिहिलेलं नाही. मला विचाराल तर साहेबांना द्या. रस्सा घालायचा उत्साह आहे म्हणजे माया आहे, आणि ज्याच्या हातचं खातो त्याच्या हातची फणीही कुत्रं लवकर सोसतं. पहिले काही दिवस विंचरताना मधेमधे उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा द्यायला सांगा त्यांना. सोफ्यावर नको, एखाद्या स्टुलावर किंवा टेबलावर रबरी चटई टाकून उभा करा. जागा एकच ठेवली की त्यालाही कळतं, आता काम आहे.

कानाचा वास. कॉकरचा लोंबता कान आणि पूडलच्या कानाच्या नळीत उगवणारे केस, दोन्ही घराण्यांचं नको तेच गुळ्याच्या वाट्याला आलंय. आत हवा नाही, ओल आहे, मळ आहे. बुरशी किंवा जंतू वाढतात आणि वास येतो. यात घरगुती काही करू नका. खोबरेल तेल नको, लसणाचं तेल तर नकोच, कापसाची काडीही नको, ती मळ आणखी आत ढकलते. दवाखान्यात आधी पडदा शाबूत आहे का बघतात, मळाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात, मग बुरशी की जंतू की किडे त्यावर थेंब ठरतात. मागच्या वेळचे उरलेले थेंब घालू नका. वास गेला म्हणून थेंब मधेच बंद केले की महिन्याभरात तेच दुखणं पुन्हा, आणि जास्त चिवट. कानातले केस उपटायचे की नाही, यावर डॉक्टरांतच दोन मतं आहेत. कान निरोगी असेल तर विनाकारण उपटू नयेत, हे माझं मत. पार्लरवाल्याला तसं आधीच सांगून ठेवा, कारण बरेच जण न विचारता उपटतात.

गोचीड आणि कुसळं, ही आपल्या भागातली दोन दुखणी. दाट कुरळ्यात गोचीड दिसत नाही, हाताला लागते. बोटांच्या फटी, कानाच्या आत, शेपटीखाली रोज चाचपा. गोचीडताप आपल्याकडं भरपूर आहे. कुत्रं मलूल, खात नाही, हिरड्या पांढुरक्या, लघवी चहासारखी गडद, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. गोचिडासाठी दर महिन्याचं औषध डॉक्टरांकडून वजनावर ठरवून घ्या. गोठ्यातलं म्हशीचं औषध पाण्यात कालवून कुत्र्याला चोळणारे लोक मी बघतो. मापात थोडी चूक झाली की विषबाधा, आणि झटके येत असलेलं कुत्रं रात्री दवाखान्याच्या दारात. कुसळं पावसाळा संपला की. विद्यापीठाच्या बाजूच्या माळावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात फिरवून आणलंत, तर घरी आल्या आल्या बोटांच्या फटी आणि कान बघा. कुसळाला एकच दिशा माहीत असते, आत. पंजाखालचे केस आखूड कापलेले असले की निम्मा त्रास वाचतो.

रंकाळ्यावर फिरवा, पण पाण्यात उतरू देऊ नका. पूडल मूळचा पाण्यात पडलेली बदकं आणणारा शिकारी कुत्रा, कॉकरही शिकारीचाच, त्यामुळं पाणी दिसलं की गुळ्याची उडी जाणारच. पाण्यावर हिरवट साय धरलेली असेल तर त्यातल्या शेवाळाचं विष कुत्र्याचा जीव घेऊ शकतं, पाणी तुंबलेल्या कुठल्याही तळ्याला हे लागू आहे. आणि पुराचं पाणी. 2019 आणि 2021 चा पूर तुम्ही बघितलाय. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो नावाचा जंतूंचा आजार होतो, कुत्र्यालाही आणि माणसालाही. गुळ्याच्या लशीच्या कार्डावर लेप्टोची लस आहे का बघा, नसेल तर पावसाच्या आधी पूर्ण करून घ्या. रेबीजची आहे का, हे विचारायची वेळ येऊ नये, पण बघा.

आता साहेबांचा रस्सा. पांढरा असो की तांबडा, त्यात कांदा-लसूण आहे, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. एका रविवारी काही दिसत नाही, म्हणून पचतंय असं वाटतं. वर मीठ, तिखट आणि तवंग. तेल-चरबीनं स्वादुपिंडाला सूज आली तर कुत्रं पाठ वाकवून उभं राहतं, ओकत राहतं, सलाईनवर ठेवावं लागतं. शिजवलेलं मटणाचं हाड चिरफाळतं आणि आतड्यात रुततं. भाकरीचा चतकोर चालेल, पण 9 महिन्यांच्या वाढत्या कुत्र्याचं पोट भाकरी-दुधावर भरलं तर हाडांना लागतं ते मिळत नाही. पिल्लाचं संतुलित खाद्य दोन वेळा, त्यात उकडलेलं चिकन, अंडं, थोडा भात, दुधी किंवा गाजर, मीठ-मसाल्याशिवाय. साहेबांना मटण द्यायचंच असेल तर फोडणीआधी दोन तुकडे बिनहाडाचे बाजूला काढून उकडा. मान राहील.

सगळ्यात जपायचं ते बेदाण्याला. तासगाव जवळ, त्यामुळं आपल्या घराघरांत डबा भरलेला, आणि लहान मुलं प्रेमानं एक-एक भरवतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर, याला नेम नाही, एखाद्याला मूठभर सोसतात आणि दुसऱ्याला थोडेसे बाधतात. दोष त्यातल्या टार्टारिक आम्लाचा असावा, असा अलीकडं विषतज्ज्ञांचा रोख आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. म्हणून चिंच-गुळाची आमटीसुद्धा गुळ्याला नाही, नावात गूळ असला तरी. खाल्लेलं कळलं तर लक्षणांची वाट न बघता लगेच निघा, पहिल्या दोनेक तासांत उलटी करवली तर बहुतेक वेळा निभावतं. चॉकलेटचंही तसंच.

स्वभावाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणजे चांगला असावा. पण सांगून ठेवतो. हा सोफ्यावरचा कुत्रा नाही. पूडल हुशारीत पहिल्या दोन-तीन जातींत गणला जातो, आणि हुशार कुत्र्याला काम नसलं की तो स्वतः काम शोधतो. चप्पल, गादी, गेटवर येणाऱ्या प्रत्येकावर भुंकणं. सकाळ-संध्याकाळ पाऊण तास चालणं आणि दिवसातनं दोन वेळा डोकं चालवायला काहीतरी. जेवणातले दाणे घरभर लपवून ठेवा आणि शोध म्हणा, पंधरा मिनिटांत दमतो. ही कुत्री माणसाला फार चिकटतात, एकटं राहायचं आतापासूनच थोडं थोडं शिकवा. गणपतीच्या मिरवणुकीला त्याला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, कुणाच्या तरी सोबत ठेवा. आपल्याकडच्या साऊंडचा दणका कपाटाची काच हलवतो, त्याच्या कानाचं काय.

ठेवावा की द्यावा? डॉक्टरांनी नातीचा त्रास गुळ्यामुळंच आहे असं ठरवलं, आणि खोली बंद ठेवून, औषध घेऊनही तो आटोक्यात येत नसेल, तर द्यावा. त्यात गुळ्याशी दगाफटका काही नाही. पण ओळखीच्या, केसांचं काम आधीच समजावून सांगितलेल्या घरी. पुण्याचा मुलगा पहिला उमेदवार, आणलाय त्यानं. नातीला त्रास होत नसेल किंवा आटोक्यात राहत असेल, तर केसांसाठी म्हणून देऊ नका. केसांचा इलाज पंधरा मिनिटांचा आहे. एक मात्र, दिलात किंवा ठेवलात तरी त्याची पैदास करू नका. कॉकापू-कॉकापूची जोडी लावली तर एकाच वेतात एक पिल्लू कुरळं, एक सरळ केसांचं, एक भरपूर गळणारं, असं काहीही निघतं. नसबंदी कधी करायची ते डॉक्टर वजन आणि वाढ बघून सांगतील.

आता भाची. इचलकरंजीहून पुण्याला पिल्लू बघायला जाणार असेल तर तिला सांगा, पिल्लाची आई डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आई दुसरीकडं असते, असं उत्तर आलं की उलट पावली परत. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्राचे 2017 चे नियम आहेत. विकणाऱ्याची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडं नोंदणी हवी, आणि 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. कॉकापूची 'पेपरवाली' जात आहे असं कुणी म्हणालं तर तो कागद सजावटीचा समजा. केनेल क्लब ऑफ इंडिया शुद्ध जातींची नोंद करतो, हा संकर आहे. संकर म्हणजे आजार नाहीत, हाही समज सोडायला सांगा. ब्रिटनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजनं 2024 साली कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅवापू (कॅव्हेलियर स्पॅनियल आणि पूडलचा संकर) यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली, आणि बहुतेक आजारांत फरक आढळला नाही. पूडल आणि कॉकर दोघांतही हळूहळू आंधळं करणारा डोळ्याचा एक आनुवंशिक आजार आहे. आई आणि बाप दोघांकडून तोच दोष आला तर संकरानं काही वाचत नाही. त्याची डीएनए तपासणी होते. आईबापांचा रिपोर्ट मागा. गुडघ्याची वाटी सरकते का, तेही डॉक्टरांकडून बघून घ्या.

आणि हे सगळं सांगायच्या आधी तिला एका रविवारी राजारामपुरीला बोलवा. तोवर गुळ्याचे केस बोटाच्या एका पेराएवढे आलेले असतील. ब्रश आणि फणी तिच्या हातात द्या, पंजापासून काखेपर्यंत एक पाय तिला पूर्ण करू दे. साहेबांना शेजारी बसवून फणी अडकते का ते तपासायला सांगा. चार पाय करूनही घ्यायचंच म्हणाली, तर दवाखान्यात पाठवा, विकणाऱ्याला काय काय विचारायचं ते मी तिला लिहून देतो.